सेटअपला कुलूप

आमचे दाजी वाळूजच्या एका कंपनीत सिस्टिम बघतात. बघतात म्हणजे नुसतं बघतातच, असं माझं फार जुनं मत आहे. पण पै-पाहुण्यात, पाचोडच्या भावकीत त्यांच्या शब्दाला असं वजन, की कुणाचा मोबाइल जरा गरम झाला तरी माणसं त्यांच्याकडं धावायची. दाजी मोबाइल हातात घ्यायचे, बंद करायचे, चालू करायचे आणि म्हणायचे, "व्हायरस होता." माणसं धन्य होऊन घरी जायची. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. दाजींना तर हळकुंडाचीही गरज पडली नाही, नुसत्या वासावर भागलं.

ताईचे ते मालक, म्हणून मी त्यांच्यापुढं तोंड आवरून असायची. माझी बाजूही पडतीच होती. मी नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, आणि परत आलेल्या धाकट्या लेकीला आमच्यात भाजीत मीठ किती टाकू एवढंसुद्धा कुणी विचारत नाही. औरंगपुऱ्यात वडलांची, म्हणजे अण्णांची, टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. खाली हॉल, वर आम्ही दोघं. मी इंग्रजी शिकवायची, अण्णा मराठी.

अण्णा बोलण्यात महाकंजूष. मुलांच्या पाठीमागून फिरायचे आणि एकेका शब्दात हुकूम सोडायचे. "बस." "बघ." "नीट." "सरक." स्वतः कधी कळांकडं बघून त्यांनी टाइप केलं नाही. टाइपरायटरवर हयात गेली, मग सरकारनं परीक्षा कॉम्प्युटरवर नेल्या आणि त्यांना मशिनी बदलाव्या लागल्या. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यातली एकच गोष्ट त्यांनी मनापासून शिकून घेतली, ती म्हणजे सेटअप.

कॉम्प्युटर चालू केला की विंडोज यायच्या आधी एक कळ दाबायची, मग एक साधा निळा पडदा येतो. तो सेटअप. यंत्राला स्वतःबद्दल जे काही ठाऊक असतं ते तिथं साठवलेलं असतं. आज तारीख काय, पोटात डिस्क कोणती, ती कुठल्या पद्धतीनं वाचायची, सकाळी उठल्यावर आधी डिस्क बघायची की पेनड्राइव्ह. आमच्याकडची काही टारगट पोरं तिथं शिरून पेनड्राइव्हचा नंबर वर आणायची आणि सरावाच्या तासाला गेम खेळत बसायची. अण्णांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी मुख्य मशीनच्या सेटअपला पासवर्ड लावून टाकला. त्या मशीनवरच सगळे धडे होते, बाकीच्या मशिनी त्यावरूनच चालायच्या. पासवर्ड काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुला काय करायचंय?" मी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून आणलं तेव्हा जिना चढवणं शक्य नव्हतं, म्हणून हॉलमागच्या खोलीत खाट टाकली. दार उघडं ठेवलं की त्यांना हॉल दिसायचा, कळांचा आवाज यायचा. दिवसाकाठी एखादा शब्द निघायचा, तोही घासत घासत. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू सुधारेल, डोक्यावर किती परिणाम झालाय ते आत्ताच सांगता येत नाही. झालं. 'सांगता येत नाही' एवढ्यावर आमच्या नातेवाइकांनी सांगून टाकलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेवर वाकून ओरडायचा, "अण्णा, मला ओळखलं का?" अण्णा डोळे मिटून घ्यायचे. मग तो माणूस बाहेर येऊन मान हलवायचा, "ओळखत नाहीत हो आता." त्यातल्या निम्म्या लोकांना अण्णांनी धडधाकट असतानाही ओळख दाखवली नव्हती, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

त्याच दिवसांत मुख्य मशीनची तारीख रोज मागं जायला लागली. आत एक सेल असतो, रुपयाच्या नाण्याएवढा. मशीन बंद असताना तो ही सगळी माहिती जपतो. तो म्हातारा झाला होता. मी रोज सकाळी विंडोजमध्ये तारीख दुरुस्त करायची आणि काम चालायचं. माझी काही तक्रार नव्हती. पण फोनवर बोलता बोलता ताईला सांगून बसले, आणि रविवारी दाजी दारात हजर.

आले ते थेट अण्णांच्या खुर्चीत बसले. सेटअप उघडायला गेले तर पासवर्डची चौकट पुढं आली. मग स्टूल घेऊन खाटेजवळ बसले आणि बहिऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "अण्णा, मशीनला पासवर्ड काय ठेवलाय?"

अण्णांनी बराच वेळ तोंडाची जुळवाजुळव केली आणि म्हणाले, "सरक."

दाजी बिचारे स्टूल घेऊन मागं सरकले.

"हां, आता सांगा. पासवर्ड."

"सरक."

दाजी आणखी मागं. पाठीला भिंत लागली. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा तेच. ताई म्हणाली, त्यांचा जीव गुदमरत असेल, गर्दी नको करायला. तिनं खिडकी उघडली. मी उशी जरा वर सरकवली. तरी अण्णा तेच म्हणतायत म्हटल्यावर आम्ही तिघांनी मिळून खाटच भिंतीपासून लांब ओढली. पुढं आठवडाभर घरात जो येईल तो अण्णांना इकडून तिकडं सरकवत होता. अण्णा आमच्याकडं असं बघत, जणू पहिल्या दिवशी टायपिंगला आलेलं पोरगं एका बोटानं कळा शोधतंय.

दाजींनी हॉलमध्ये येऊन निकाल दिला, "एकाच शब्दावर अडकलंय डोकं. आता त्यातून काही निघणार नाही." आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

मी म्हटलं, "दाजी, राहू द्या. चाललंय की."

"अगं, सेल काढला की पासवर्ड उडतो. शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल."

शेंबड्या पोरानंच सांगितलं असणार. डबा उघडला, सेल काढला, ताईकडून चहा मागवला, चहा होईस्तोवर सेल बाहेर ठेवला, मग नवा बसवला. चालू करताना तोंडावर असा भाव, की आता टाळ्या वाजतील. मशीन चालू झालं आणि पडद्यावर आलं, की डिस्क सापडत नाही. विंडोज गायब. सेटअपमध्ये जावं तर पासवर्डची चौकट जागच्या जागी. झालं असं, की या मशिनीत पासवर्ड वेगळ्या ठिकाणी जपलेला होता, त्याला सेलाशी घेणंदेणं नव्हतं. सेल काढल्यानं गेलं ते बाकीचं. तारीख गेली, डिस्क कशी वाचायची ते गेलं, कुलूप तेवढं राहिलं. आधी निदान काम चालत होतं. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पैठण गेटवरून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो बघून म्हणाला, "साब, सेल कायकू निकाले? अब तो बोर्डच बदलना पडता." दाजी माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ. मी म्हणालोच होतो, मशीनच बाद आहे." नाचता येईना, अंगण वाकडं. तेही दुसऱ्याचं अंगण.

धडे बंद पडले, मुलं येऊन परत जायला लागली. मी जुनी पुस्तकं काढून कसंबसं चालवत होते. पण दाजींना वाट सापडली होती. मशीन बाद, म्हातारा बाद, आता इन्स्टिट्यूटही बादच धरायची. हॉल एका कोचिंगवाल्याला द्यायचा, मी ताईकडं राहायला जायचं, म्हणजे तिची पोरं सांभाळायची. आणि अण्णांना खुलताबाद रस्त्यावरच्या एका आश्रमात ठेवायचं. "हवा फार चांगली आहे तिथली," दाजी म्हणाले. हवेचं एवढं कौतुक होतं तर स्वतःच जाऊन राहायचं.

हे सगळं ठरलं कुठं, तर अण्णांच्या खाटेशेजारी. चहाचे कप त्यांच्याच पायथ्याशी ठेवलेले. मी म्हणाले, आत नको बोलायला. तर ताई म्हणाली, "त्यांना काय कळतंय आता? मला तर वाटतं, असं पडून राहण्यापेक्षा देवानं सोडवलेलं बरं. आई गेली तेव्हाच गेले असते तर सुटले असते." ताई माझी सख्खी बहीण. लहानपणी अण्णांच्या सायकलवर पुढं तीच बसायची, मी मागं. तिनं हे साखर हलवता हलवता म्हटलं. तिचा मला राग नाही आला, किळस आली.

मी म्हटलं, "निदान अण्णांना विचारा तरी."

"कुणाला? ह्यांना?" दाजी हसले. खाटेवर वाकून म्हणाले, "अण्णा, आश्रमात जायचं ना? हवापालट होईल."

अण्णा म्हणाले, "सरक."

"घ्या," दाजी म्हणाले. "आणखी काय विचारायचंय?"

येत्या रविवारी गाडी आणायचं ठरलं. माझ्या हातात काहीच नव्हतं. अण्णांचं डोकं शाबूत असतं तर त्यांचा एक नकार पुरला असता, कारण जागा त्यांची, इन्स्टिट्यूट त्यांची. पण डोकं गेलेल्या माणसाच्या नकाराला विचारतो कोण? आणि परत आलेल्या लेकीच्या तर त्याहून नाही. चार दिवस मी मुकाट्यानं त्यांचे कपडे घडी करत होते आणि प्रत्येक घडीला दाजींना मनातल्या मनात शिव्या घालत होते. छापता येतील अशा त्यात फार थोड्या.

गुरुवारी दुपारी मराठीला एक नवी मुलगी आली. दौलताबादची होती, दोन बस बदलून आलेली. तिला परत कसं पाठवायचं? एक मशीन सुटं चालायचं, त्यावर बसवलं आणि पहिला धडा पुढ्यात ठेवला. हा धडा अण्णांनी स्वतः तयार केलेला. मी मराठी कधी शिकवलं नव्हतं, त्यामुळं त्याकडं नीट बघितलंही नव्हतं. मधल्या ओळीवर हात ठेवायचे आणि बोटाखाली येतात तेवढ्याच अक्षरांचे शब्द पुन्हा पुन्हा मारायचे. मुलगी हळूहळू मारत होती, मी मागं उभी होते. पडद्यावर ओळ उमटत होती. कसर कसर कसर. मग खालची ओळ. सरक सरक सरक.

मी तिला म्हटलं, थांब. मग म्हटलं, थांबू नको, चालू दे.

आणि जाऊन मुख्य मशीन चालू केलं. पासवर्डची चौकट आली. मी इंग्रजी शिकवणारी, सवयीनं इंग्रजीत स्पेलिंग मारलं, एस ए आर ए के. चूक. शेवटचा ए जास्तीचा घालून मारलं. चूक. एका ए ऐवजी दोन. चूक, आणि मशीन अडून बसलं. बंद करून पुन्हा चालू करावं लागलं. मधल्या दारातून अण्णांची खाट दिसत होती. ते माझ्याकडंच बघत होते.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अण्णांनी आयुष्यात एक इंग्रजी शब्द टाइप केलेला नाही. मराठी आणि इंग्रजी एकाच कळपाटीवर मारतात, पण कुठली कळ कुठल्या अक्षराची, ते दोन्हीत वेगळं. अण्णांना कळेवर छापलेलं इंग्रजी अक्षर दिसतच नाही, त्यांच्या लेखी ती कळ 'स'ची, ती 'र'ची आणि ती 'क'ची. सेटअपला मराठी येत नाही. त्याला फक्त तीन कळा समजल्या, तीन इंग्रजी अक्षरं, ज्यांचा मिळून उच्चारही होत नाही. चौकटीत नुसत्या चांदण्या उमटतात, त्यामुळं अण्णांनाही ते कधी दिसलं नसणार. त्यांनी आपलं सरळ 'सरक' मारलं आणि यंत्रानं ठेवून घेतलं.

मुलीची बोटं 'सरक'ला कुठल्या कळांवर पडतात ते बघून मी तीन कळा दाबल्या. निळा पडदा उघडला.

आत काही फार मोठं नव्हतं. तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसलेली, ती आजची केली. डिस्क कशी वाचायची, तिथं दोनच पर्याय होते. एकानं चालत नव्हतं, म्हणजे दुसरा. एवढं कळायला वाळूजच्या कंपनीत सिस्टिम बघावी लागत नाही. बदल साठवला, मशीन पुन्हा चालू केलं आणि विंडोज आलं. सगळे धडे जागेवर होते. दौलताबादची मुलगी विचारत होती, मॅडम, पुढची ओळ मारू का? मी खोलीत गेले आणि अण्णांच्या डाव्या हातावर डोकं ठेवून रडले. ते म्हणाले, "बस." म्हणजे पुरे. ह्या वेळी मला नीट कळलं.

ताईला फोन केला नाही. येऊ दे म्हटलं, गाडी घेऊन येऊ दे.

रविवारी दोघं आले. दाजींनी गाडीत मागच्या सीटवर गादीसुद्धा घालून आणली होती. मी दोघांना खोलीत बसवलं, मशीन बंद केलं आणि त्यांच्यासमोर अण्णांना विचारलं, "अण्णा, पासवर्ड काय?"

"सरक."

मी मशीन चालू केलं, दारातून सगळ्यांना दिसेल असं, तीन कळा दाबल्या आणि सेटअप उघडून दाखवला. दाजी उठून जवळ आले, पडद्याला अगदी नाक टेकवून बघितलं. मग म्हणाले, "तुला आधीपासून ठाऊक असणार. त्यांना आपलं पढवलंयस."

मी खाटेजवळ जाऊन विचारलं, "अण्णा, हे दाजी तीन आठवडे खपले. त्यांना का नाही उघडलं?"

अण्णांनी दाजींकडं पाहिलं. फार सावकाश, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "इंग्रजी... तुमचं. माजं... मराठी." आणि मग, थोडा दम खाऊन, "सेल... कशाला काढला?"

दाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी पोटभर पाहून घेतलं. इतक्या वर्षांत त्या माणसानं मला दिलेलं ते एकमेव सुख. ते म्हणाले, गाडी नो पार्किंगमध्ये आहे, आणि बाहेर गेले.

ताई मात्र जागची हलली नाही. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मला वाटलं हिला झालंय तरी काय, वडील शुद्धीवर आहेत तर आनंद व्हायला पाहिजे. मग माझ्या लक्षात आलं. ती खाटेच्या पायथ्याकडं बघत होती, जिथं त्या दिवशी चहाचे कप ठेवले होते.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्हाला सगळं कळत होतं?"

"व्हय."

"पहिल्यापासून?"

अण्णांनी मान डोलावली. ताई पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. गाडीत गादीवर बसून रडत होती म्हणे. दाजींनी तिला तसंच नेलं.

आश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही. हॉलमध्ये कळा वाजतात, अण्णा आता चार-चार शब्द बोलतात, पोरांना खाटेवरूनच ओरडतात. दाजी येत नाहीत, ते बरंच आहे. ताई येते. दर रविवारी येते, सफरचंदं आणते, मोसंबी आणते. खाटेशेजारी अंग चोरून बसते आणि पोरांची परीक्षा कशी झाली, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, यंदा थंडी पडलीच नाही, असलं काहीबाही बोलते. प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेते, हे आंधळ्यालाही दिसेल. तासभर बसली की पाया पडते आणि जाते. मी मनातल्या मनात म्हणते, बरी खोड मोडली.

परवाच्या रविवारी ती गेल्यावर मी सालं उचलत होते. अण्णा दाराकडं बघत पडले होते. मी म्हटलं, "अण्णा, ताई सुधारली म्हणायची आता. किती गोड बोलते तुमच्याशी."

अण्णा म्हणाले, "आधी बरी होती. तवा खरं बोलायची."